तीन सिंहस्थ आणि न उघडणारी फाईल

#थ्रेड #इतिहास #मराठी

१/
गुरू सिंह राशीत आला की नाशिकला गोदाकाठी सिंहस्थ भरतो, आणि साधारण बारा वर्षांनी तो पुन्हा येतो. १९९१-९२, २००३-०४ आणि २०१५-१६ हे अलीकडचे तीन सिंहस्थ. या तीन खुणा हाताशी धरून आज एका निराळ्या प्रवासाचा इतिहास पाहू. एका संगणकावर लिहिलेली मराठी फाईल ई-मेलला जोडून पाठवली जाते, दुसऱ्या संगणकावर सुखरूप पोहोचते, आणि उघडल्यावर तिच्यातील मराठी मात्र नाहीशी झालेली असते. असे का होत होते? अजूनही का होते? आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची चिंता का करावी?

२/
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयातील शंभर वर्षांपूर्वीचे छापील मराठी पुस्तक आज कोणीही उघडून वाचू शकतो. कागद पिवळा पडलेला असेल, एवढेच. पण दुसऱ्या सिंहस्थाच्या काळात संगणकावर जुळवलेली स्मरणिका, संस्थेचा अहवाल किंवा गावाचा इतिहास यांची मूळ फाईल आज उघडली, तर बहुधा रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग समोर येतो. साधन शिल्लक आहे, त्याचे वाचन हरवले आहे. मोडी दप्तरांसमोर बसलेल्या प्रत्येकाला ही अवस्था ओळखीची वाटेल.

३/
पत्र पोहोचणे आणि पत्र वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताची टपाल तिकिटे दीर्घकाळ लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जात. १९२५-२६ च्या सुमारास ते काम नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आले. लिफाफ्यावर तिकीट असले की टपाल खाते पत्र नेऊन पोहोचवणार. आतील मजकूर मोडीत आहे की बाळबोधीत, हे पाहणे त्याचे काम नव्हे. ई-मेलचेही तसेच आहे. फाईल वाचली जाण्यासाठी तीन करार लागतात : वाहतुकीचा, संकेताचा आणि आकाराचा. फाईल उघडत नाही, तेव्हा यांपैकी कोणता तरी एक मोडलेला असतो.

४/
प्रथम वाहतुकीचा करार.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिला निरोप पाठवला. त्या काळी ई-मेल म्हणजे केवळ मजकूर, आणि मजकूर म्हणजे केवळ रोमन अक्षरे. या अक्षरांसाठी १९६३ साली 'आस्की' नावाचे कोष्टक ठरले होते. त्यात सात बिटांचे एकूण १२८ संकेतांक होते. त्यांत इंग्रजी मुळाक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा मावत. देवनागरीला तर जागा नव्हतीच. जर्मन किंवा फ्रेंच भाषेतील चिन्हांकित अक्षरांनाही नव्हती. शिवाय आयबीएमचे मोठे संगणक 'एबसिडिक' हे स्वतःचे वेगळेच कोष्टक वापरत.

५/
१९८२ साली ई-मेल वाहून नेण्याचा 'एसएमटीपी' हा नियमसंच प्रसिद्ध झाला, आणि त्यानेही सात बिटांचीच हमी दिली. इथे पहिली ठेच लागली. चित्र, ध्वनी, संगणक-प्रणाली किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील लेख यांच्या फायली आठ बिटांच्या बाइटांत साठवलेल्या असतात. वाटेतील एखादा संगणक आठवा बिट निरुपयोगी समजून पुसून टाकी. आठवा बिट म्हणजे १२८. तो गेला की २०० या संकेतांकाचा ७२ होतो, आणि ७२ म्हणजे रोमन 'एच'. फाईल पोहोचे, तिचा आकारही तेवढाच दिसे, पण आतील निम्मे संकेत बदललेले असत.

६/
यावर लोकांनी युक्त्या शोधल्या. १९८० साली बर्कलीत मेरी अॅन हॉर्टन यांनी 'यूयूएनकोड' तयार केले. कोणतीही फाईल साध्या छापील चिन्हांत रूपांतरित करायची, पत्राच्या मजकुरात टाकायची आणि पलीकडच्याने ती पुन्हा मूळ रूपात आणायची, अशी ती पद्धत. मॅकिन्टॉशवाल्यांनी त्याच हेतूने 'बिनहेक्स' वापरले. पद्धती उत्तम होत्या, पण प्रत्येक संगणककुलाची पद्धत निराळी. पाठवणाऱ्याने मॅकवरून बिनहेक्समध्ये पाठवले आणि घेणाऱ्याकडे ते उलगडण्याचे साधन नसले, तर त्याच्या हाती चिन्हांची लांबलचक पट्टी तेवढी येई. कोणती पद्धत वापरली, हे सांगणारी एकसारखी चिठ्ठीही सोबत नसे.

७/
ही चिठ्ठी ठरली १९९२ साली. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचा नियमसंच सिद्ध केला. तो जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायनचौकडीचे छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण जोडलेली ई-मेल पाठवली होती. आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो, त्याचा आरंभ इथे मानला जातो. प्रत्येक जोडलेल्या भागावर तीन गोष्टींची नोंद असावी, असे माइमने सांगितले : हा भाग कोणत्या प्रकारचा आहे, तो कोणत्या पद्धतीने बांधला आहे, आणि मजकूर असल्यास कोणत्या संकेतप्रणालीत आहे.

८/
बांधणीची मुख्य पद्धत म्हणजे 'बेस ६४'. तिचे गणित सोपे आहे. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे. सहा बिटांतून ६४ पर्याय मिळतात, म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी रोमन मुळाक्षरे, अंक आणि दोन चिन्हे यांतील एक चिन्ह लिहायचे. हे सारे सात बिटांच्या जुन्या रस्त्यावरून निर्धोक जाते. किंमत एवढीच की तिनाचे चार होतात. फाईल एकतृतीयांशाने फुगते. जोडताना मर्यादेत वाटलेली फाईल काही ठिकाणी 'फार मोठी' म्हणून परत येते, त्यामागे पुष्कळदा ही फुगवटच असते.

९/
वाहतुकीचा करार झाला, तरी तो पाळणे सर्वांच्या हाती होते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधून 'रिच टेक्स्ट' स्वरूपात पाठवलेले पत्र अन्य प्रणालीवर उघडले, की सगळ्या अटॅचमेंट गायब होऊन 'विनमेल.डॅट' नावाची एकच फाईल दिसे. त्या गाठोड्याची गाठ आउटलुकलाच सोडवता येई. जुन्या मॅकवर फाईलचा प्रकार तिच्या नावात नव्हे, तर सोबतच्या वेगळ्या नोंदीत असे. विंडोज मात्र नावाच्या शेवटी असलेले डॉक, जेपीजीसारखे शेपूट पाहून प्रकार ओळखते. त्यामुळे मॅकवरून आलेली बिनशेपटीची फाईल विंडोजवर अनोळखी ठरे. आतील मजकूर दोन्ही वेळा शाबूत असतो. हरवलेली असते ती ओळख.

१०/
हे सारे आपल्याकडे केव्हा आले? १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'ईआरनेट' हे शैक्षणिक जाळे सुरू केले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी होते. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोजक्या महानगरांतून इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे मराठी माणसाच्या हाती ई-मेल आली, तेव्हा वाहतुकीचा करार होऊन तीन वर्षे उलटली होती. तरीही मराठी फाईल पलीकडे वाचता येईना. कारण दुसरा करार.

११/
दुसरा करार संकेताचा : कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक?

या क्षेत्रात भारत मागे नव्हता, हे विशेष. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि ते काम तेथे वाढले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार झाली. १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आस्कीचे १२८ संकेत जसेच्या तसे ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरे बसवली होती. ब्राह्मीकुलातील लिप्यांचे मूळ एकच असल्याने देवनागरी 'क' आणि बंगाली 'क' यांना एकच क्रमांक होता.

१२/
इस्कीमागील विचार मूलगामी होता : संगणकाने अक्षर साठवावे, अक्षराचा आकार साठवू नये. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. पडद्यावर त्यांचा जोडाक्षराचा आकार रचणे हे प्रणालीचे काम. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड साठवण्याची 'यूटीएफ-८' पद्धत आखली. म्हणजे इस्कीचे मानक, युनिकोड, माइम आणि यूटीएफ-८ या चारही गोष्टी पहिल्या सिंहस्थाच्या त्या दोन वर्षांत जगात आल्या!

१३/
आता या धाग्यातील मुख्य प्रश्न. दोन्ही करार १९९२ पर्यंत कागदावर सिद्ध होते. मग त्यानंतर जवळजवळ दोन सिंहस्थ मराठी फायली का अडखळत राहिल्या?

उत्तर तिसऱ्या कराराशी, म्हणजे आकाराशी निगडित आहे, आणि त्याची मुळे छापखान्यात आहेत. देवनागरी छपाईत जुळारी खिळे जुळवत असे. त्याच्या समोरच्या खणांत पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, रफार, जोडाक्षरे असे शेकडो खिळे असत. खिळ्याला अर्थ नसतो. त्याला असतो तो आकार आणि खणातील जागा. छापून आलेला कागद बरोबर दिसला की काम पूर्ण झाले.

१४/
१९९० च्या दशकात डीटीपी आले. छापखान्याच्या जागी संगणक आला, पण विचार जुळाऱ्याचाच राहिला. त्या वेळच्या पानजुळणीच्या प्रणालींना देवनागरी ठाऊक नव्हती. त्यांना फक्त रोमन संकेतांक आणि त्यांचे फॉन्ट कळत. म्हणून फॉन्टकारांनी रोमन संकेतांकांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. अंगावर मराठी फॉन्टचा अंगरखा असेपर्यंत तो मराठी दिसे. अनेक फॉन्टांत पूर्ण 'न' सुद्धा नसतो : अर्धा 'न्' एका जागी, उभा दंड दुसऱ्या जागी, आणि दोन्ही शेजारी ठेवून 'न' जुळवायचा. हे खिळेच होते, फक्त शिशाचे नव्हते.

१५/
आज या फॉन्टांना नावे ठेवणे सोपे आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते अन्यायाचे ठरेल. त्यांचा हेतू होता कागदावर सुबक मराठी उमटवणे, आणि तो त्यांनी उत्तम रीतीने साधला. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत, पाठ्यपुस्तकांपासून दैनिकांपर्यंत मराठीचा छापील संसार या फॉन्टांनी चालवला. जोवर संगणकातून बाहेर पडणारी वस्तू कागद होती, तोवर आतील संकेत कोणता, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. प्रश्न उद्भवला तो कागदाऐवजी फाईलच प्रवासाला निघाली तेव्हा. साधन तेच राहिले आणि त्याच्याकडून असलेली अपेक्षा बदलली.

१६/
त्यात भर पडली अनेकत्वाची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि त्याचे सुरेखसारखे फॉन्ट, आकृती, शिवाजी, हिंदीकडून आलेला कृतिदेव अशी कितीतरी कुळे होती. प्रत्येकाच्या खणांची मांडणी वेगळी. एकात ज्या जागी 'क', त्याच जागी दुसऱ्यात एखादी मात्रा. सी-डॅकने फॉन्टसाठीही एक समान मांडणी आखली होती, पण सर्व उत्पादकांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येक घराचे कुलूप वेगळे आणि किल्ली त्या घरच्या फॉन्टमध्ये. ग्राहकही त्यामुळे एकाच घराशी बांधला जाई.

१७/
आता दुसरा सिंहस्थ, २००३-०४. ई-मेल रुळली होती आणि फायली जोडून पाठवणे नित्याचे झाले होते. वर्डची फाईल आपल्यासोबत फॉन्टचे नाव नेते. सहसा फॉन्ट नेत नाही. पलीकडे तो नसला की संगणक दुसरा एखादा रोमन फॉन्ट लावतो आणि मराठीचा अंगरखा गळून पडतो. विंडोज आणि मॅक यांच्यातील गोंधळ आणखी खोल होता. १२८ च्या वरच्या संकेतांकांना दोघांची कोष्टके वेगळी. फाईल इकडून तिकडे नेताना प्रणाली रोमन चिन्हे सांभाळण्यासाठी संकेतांक बदलत असे. त्यामुळे तोच फॉन्ट बसवूनही काही अक्षरे बरोबर आणि काही भलतीच दिसत.

१८/
तेव्हाचे उपाय आठवतात? फायलीबरोबर फॉन्टही जोडणे. पानाचे चित्र करून पाठवणे. छापून फॅक्स करणे. आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे पीडीएफ. १९९३ साली आलेल्या या स्वरूपात फॉन्टचे लागणारे आकार फायलीतच भरता येतात, म्हणून पान कुठेही हुबेहूब दिसते.

पण पीडीएफने आकार वाचवला, अक्षर नव्हे. अशी जुनी मराठी पीडीएफ उघडून 'नाशिक' हा शब्द शोधा. तो डोळ्यांसमोर दिसत असूनही शोधात सापडत नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा. पुन्हा तोच रोमन ढीग. संदर्भ शोधणाऱ्या अभ्यासकाला ती फाईल छायाचित्रासारखीच मुकी असते.

१९/
दरम्यान बदल सुरू झाला होता. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. पुढे शासकीय कामकाजातही युनिकोडचा आग्रह धरला गेला. तिसऱ्या सिंहस्थापर्यंत, २०१५-१६ मध्ये, भ्रमणध्वनीवर मराठी लिहिणे सामान्य झाले होते, आणि ती मराठी युनिकोडमध्ये होती. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेची रूपे निश्चित केली. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच. 'नाशिक'मधील 'श' कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो, तो 'श' आहे हे संकेत ठरवतो. तिन्ही करार अखेर आपापल्या जागी आले.

२०/
आता व्यवहाराकडे. बिघडलेली मराठी फाईल समोर आली, तर लक्षणावरून रोग ओळखता येतो.

लक्षण पहिले : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यामागे चार टोके फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह, हीच जोडी पुन:पुन्हा. हे युनिकोडच आहे. संगणक ते पाश्चात्त्य कोष्टकाने वाचतो आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून ही पुनरावृत्ती. मूळ व्यंजने बहुधा वर्तुळ देतात. दीर्घ ईकार, उकार, एकार आणि हलन्त येन देतात. उपाय : संकेतप्रणाली यूटीएफ-८ निवडून फाईल पुन्हा उघडावी. चुकीच्या रूपात ती साठवू मात्र नये.

२१/
लक्षण दुसरे : जागा न सोडता चाललेल्या रोमन अक्षर-अंकांच्या समान लांबीच्या ओळी, शेवटी कधी एक-दोन 'बरोबर' चिन्हे. ही न उलगडलेली बेस ६४ बांधणी. 'नाशिक' या शब्दात पाच संकेत आहेत : न, काना, श, ह्रस्व इकार, क. म्हणजे १५ बाइट, म्हणजे बेस ६४ ची २० चिन्हे. प्रत्येक देवनागरी संकेताची चार चिन्हे होतात आणि त्यांची सुरुवात चार हा अंक व 'के' या अक्षराने होते. ही जोडी ठरावीक अंतराने दिसली, तर आत मराठी आहे असे समजावे. उपाय : मूळ ई-मेल दुसऱ्या प्रणालीत उघडावी किंवा पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावी.

२२/
लक्षण तिसरे : रोमन अक्षरांचा ढीग, पण शब्दांची लांबी, ओळी आणि परिच्छेद मराठीसारखे. हा जुन्या फॉन्टचा मजकूर. फायलीत नोंदलेले फॉन्टचे नाव पाहावे, तीच किल्ली.

लक्षण चौथे : रिकाम्या चौकटी. मजकूर शाबूत आहे, फक्त त्याला दाखवणारा फॉन्ट नाही. घाबरू नये.

लक्षण पाचवे : ओळीने प्रश्नचिन्हे. हे सर्वांत वाईट. देवनागरी न जाणणाऱ्या कोष्टकात रूपांतर करताना अक्षरेच टाकून दिली गेली आहेत. या प्रतीतून काही मिळणार नाही. मूळ प्रत शोधावी लागेल.

लक्षण सहावे : 'विनमेल.डॅट'. पाठवणाऱ्याला पत्राचे स्वरूप एचटीएमएल किंवा साधा मजकूर ठेवून पुन्हा पाठवायला सांगावे.

२३/
जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके उपलब्ध आहेत. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुळारी ह्रस्व इकार अक्षराच्या डावीकडे बसवतो, म्हणून जुन्या फॉन्टात तो 'श' च्या आधी येतो. युनिकोडमध्ये तो 'श' च्या नंतर साठवला जातो. रूपांतरकाने ही अदलाबदल केली नाही, तर 'नाशिक'चे 'नािशक' होते. रफाराचे नेमके उलट : आकारात तो नंतर बसतो, संकेतात 'र्' आधी येतो. 'ऱ्य' सारखी मराठीची खास रूपेही इथेच घसरतात. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन अनिवार्य आहे, आणि तेही शक्यतो छापील प्रत शेजारी ठेवून.

२४/
इथे मोडीचे उदाहरण उद्बोधक ठरते. मोडी व्यवहारातून गेली, पण वाचणारे उरले. त्यांनी शिकवले, म्हणून दप्तरे बोलती राहिली. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतःचे संकेतांकही मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी फायलींची स्थिती अधिक नाजूक आहे. मोडी अक्षराला निदान परंपरेचे वळण आहे. अनुभवी डोळा अंदाज बांधू शकतो. फॉन्टच्या खणांची मांडणी हा मात्र एका उत्पादकाचा खासगी निर्णय. तो फॉन्ट आणि त्याचा तक्ता दोन्ही नाहीसे झाले, तर मागे उरलेल्या आकड्यांतून मराठी परत मिळवणे फार कष्टाचे होईल.

२५/
म्हणून एक साधी शिस्त. जुनी फाईल ही हस्तलिखितासारखी मानावी. मूळ प्रत जशीच्या तशी, बदल न करता ठेवावी. तिच्यासोबत फॉन्टचे नाव, कोणत्या प्रणालीत ती तयार झाली आणि साधारण वर्ष यांची नोंद करावी. स्वतःजवळ फॉन्टची परवानाधारक प्रत असेल, तर तीही जपावी. दिसण्यासाठी पीडीएफ आणि शोधासाठी तपासलेली युनिकोड प्रत, अशा दोन्ही कराव्यात. रूपांतर कोणी व केव्हा केले, हेही लिहावे. दप्तराची नक्कल करणाऱ्या कारकुनाने आपले नाव व मिती लिहावी, ही अपेक्षा आपण जुन्या कारकुनाकडून करतोच ना?

२६/
पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्या वेळी अभ्यासक आधीच्या सिंहस्थांची साधने शोधू लागतील : पत्रके, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, गोदावरीविषयीचे लेख. त्यांतील बरीचशी छापून संपली असतील आणि मूळ फायली कोणाच्या तरी जुन्या सीडीवर, बंद पडलेल्या संगणकात किंवा विसरलेल्या ई-मेल खात्यात असतील. तुमच्या घरी, मंडळात किंवा ओळखीच्या डीटीपी केंद्रात अशी फाईल असेल, तर ती 'उघडत नाही' म्हणून पुसू नका. आधी फॉन्टचे नाव पाहा आणि टिपून ठेवा. कोणते फॉन्ट सापडले, ते या धाग्याखाली जरूर लिहा. एकाकडची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागू शकते.

धागा समाप्त. 🙏